आधी शस्त्रक्रियेचं नाव, मग वजन

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी अडली आहेत. रुग्णालयं भरवतात त्या सहरुग्णांच्या बैठकीत आपली ओळख कशी करून द्यायची, आणि दुसऱ्याची ओळख ऐकून त्यातलं आपल्यासाठी काय उचलायचं? म्हणून उत्तरंही त्याच धाग्याने देत आहोत.

प्रश्न : माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी रुग्णालयातल्या गटाच्या बैठकीला बोलावलं आहे. तिथे प्रत्येकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची असते. चारचौघांत वजन सांगायच्या विचारानेच पोटात गोळा येतो. काय सांगायलाच हवं, आणि काय नाही सांगितलं तरी चालेल?

वजन नाही सांगितलं तरी चालेल. शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख मात्र न चुकता सांगा. ओळखीत या दोन गोष्टी नसल्या की समोरच्याचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असूनही चुकीच्या पोटात जातो.

कारण ‘माझं ऑपरेशन झालं’ असं म्हणणाऱ्या तिघांच्या पोटात तीन वेगळ्या रचना असू शकतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल लावून कापून काढतात. केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते, आतडं मात्र जिथल्या तिथे राहतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि तिला थेट लहान आतडं जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो. त्यात आतड्याचा किती भाग वगळला, हा आकडा महत्त्वाचा. तो बहुतेकदा १५० ते २०० सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि जितका जास्त, तितकी जीवनसत्त्वांच्या कमतरतेची शक्यता जास्त. आपली शस्त्रक्रिया नेमकी कोणती हे नीट ठाऊक नसेल, तर लाजू नका. झाली असेल तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, व्हायची असेल तर सर्जनना विचारून कागदावर लिहून घ्या.

ओळख साधारण अशी असावी :

‘मी अमुक. माझी स्लीव्ह तीन आठवड्यांनी आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावते. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात पाणी कसं पुरवायचं, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.’

अर्ध्या मिनिटात संपतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती धरायला काहीतरी लागतं. सीपॅप वापरणारा दुसरा कुणी लगेच सांगेल की स्वतःचं मशीन आणि मास्क दाखल होताना सोबत घेऊन जा, कारण भुलीनंतरच्या पहिल्या रात्री त्याची सर्वांत जास्त गरज लागते. पाण्याचंही असंच. दिवसाला दीड लिटर म्हटलं की छाती दडपते. तेच जागेपणीच्या १५ तासांत वाटलं, तर दर पाव तासाला २५ मिलिलिटर होतं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ३० मिलिलिटरचं माप समोर ठेवायचं आणि घड्याळ बघत, घोट घोट करत ते संपवायचं. एका दमात पिऊन टाकलं तर छातीत कळ येते आणि पाणी उलटून पडतं.

वजन सांगावंसं वाटलंच, तर एकटा आकडा सांगू नका. गटांमध्ये तीन आकडे सांगायची रीत आहे : आजवरचं सर्वांत जास्त वजन, शस्त्रक्रियेच्या दिवशीचं आणि आजचं. सोबत उंची. त्याशिवाय ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

प्रश्न : आमच्या गटातले एक जुने सदस्य नव्यांना सांगतात, ‘शेवटचे दोन आठवडे मनसोक्त खाऊन घ्या, नंतर मिळणार नाही.’ सर्जननी मात्र फक्त पातळ आहार लिहून दिला आहे. थोडी सूट घेतली तर काय बिघडतं?

बिघडतं ते यकृतापाशी. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पांघरुणासारखा पसरलेला असतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो एका पातळ दांडीने उचलून धरावा लागतो, तेव्हा कुठे जठर आणि अन्ननलिका मिळतात ती जागा दिसते. वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असं यकृत फुगलेलं आणि ठिसूळ असतं, उचलताना चिरतं आणि रक्त येतं. जागाच दिसेना तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागू शकतं, किंवा शस्त्रक्रिया अर्धवट थांबवावी लागते.

दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी, पिष्ट आणि साखर कमी, प्रथिनं पुरेशी, असा आहार दोन आठवडे घेतला की यकृतातली साखर, तिने धरून ठेवलेलं पाणी आणि बरीचशी चरबी निघून जाते. यकृत आकसतं आणि मऊ होतं. शेवटच्या दोन-तीन दिवसांतल्या एखाद्या मोठ्या जेवणानेही साखर आणि पाणी पुन्हा भरून येतं. त्या सदस्यांच्या शब्दात ममत्व असेल, पण हा सल्ला ऐकू नका.

या आहाराची दुसरी बाजू मधुमेह असलेल्यांनी ध्यानात ठेवावी. खाणं निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच राहिली, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. डोस कमी करायचा तो आहार सुरू होण्याच्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी बंद करतात, कारण उपासात त्यांच्यामुळे साखर वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. म्हणून ओळख करून देताना आपल्या गोळ्यांची नावंही सांगा. गटाला बसलेल्या परिचारिकेच्या कानावर ते नाव पडलं, तर ती वेळीच टोकेल.

प्रश्न : स्लीव्ह शस्त्रक्रियेला ११ दिवस झाले. गटातली एक बाई म्हणाली, ‘मी दुसऱ्या आठवड्यातच उकडलेलं अंडं खाल्लं, काही झालं नाही.’ मलाही पातळ पदार्थांचा वीट आलाय. खाऊ का?

नको.

स्लीव्हची नळी आतून सुजलेली असते आणि ती सूज उतरायला काही आठवडे लागतात. शिवाय नळीच्या खालच्या टोकाचा झडपेसारखा स्नायू शाबूत असतो. त्यामुळे आत दाब जास्त राहतो. अंड्याचा तुकडा नीट चावला नाही आणि सुजेपाशी अडकला, तर लाळ तोंडात दाटते, छातीत दुखतं, उमासे येतात. प्रत्येक उमाशाचा ताण पडतो तो ताज्या स्टेपलच्या ओळीवर. त्या बाईंना काही झालं नाही, ही त्यांच्याबद्दलची माहिती झाली. तुमच्या टाक्यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

बहुतेक ठिकाणचे टप्पे असे : पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पारदर्शक पदार्थ, मग दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत दूध, ताक, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं. पाचव्या-सहाव्यात मऊ. त्यानंतर हळूहळू नेहमीचं. प्रत्येक टीमचे दिवस थोडे पुढे-मागे असतात, तुमच्या कागदावर लिहिलंय ते पाळा. अंडं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतं, तेही पातळ करून, चहाच्या चमच्याने. दोन घासांमध्ये मिनिटभर थांबायचं. खाताना पाणी नाही, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास नाही.

पातळाचा वीट बहुतेकदा गोडाचा वीट असतो. प्रोटीन पावडर कोमट, मीठ-मिरी घातलेल्या सूपमध्ये ढवळून बघा. उकळत्या सुपात टाकली तर तिच्या गाठी होतात.

आणि हे पाठ करून ठेवा, घरच्यांनाही सांगून ठेवा. नाडी बसल्या जागी १२० च्या वर टिकून राहणं, ताप, पोटातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं. यातलं काहीही आढळलं तर गटात विचारत बसू नका, रुग्णालय गाठा. स्टेपलच्या ओळीतून पोटात गळती झाली असेल तर नाडी वाढणं हे अनेकदा पहिलं लक्षण असतं, ताप नंतर येतो.

प्रश्न : बैठकीत एक जण म्हणाला, ‘माझं ५० टक्के वजन उतरलं.’ दुसरी म्हणाली, ‘माझं २१ टक्के.’ दिसायला दोघं सारखीच वाटली. माझा आकडा कोणता धरायचा?

दोघं वेगवेगळ्या भाजकाने भागत होती. एकाच माणसाचा हिशेब करून बघू. उंची १६० सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो. या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २५ म्हणजे ६४ किलो, म्हणून ‘जादा’ वजन ११२ वजा ६४, म्हणजे ४८ किलो. आज वजन ८८, म्हणजे उतरले २४ किलो. २४ ला ४८ ने भागलं तर ५० टक्के, ही जादा वजनातली घट. तेच २४ किलो ११२ ने भागले तर २१ टक्के, ही एकूण वजनातली घट. माणूस तोच, किलो तेवढेच.

ओळख करून देताना किलो सांगा आणि किती महिन्यांत ते सांगा. टक्के सांगायचेच असतील तर एकूण वजनाचे सांगा, कारण त्यात ‘आदर्श’ वजन कोणतं धरलं हा घोळ येत नाही. स्लीव्ह आणि बायपासनंतर एक-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट होते, बायपासमध्ये थोडी जास्त. शेजाऱ्याशी तुलना करायची झालीच, तर शस्त्रक्रिया, महिना आणि सुरुवातीचं वजन ही तिन्ही जुळत असतील तरच करा.

प्रश्न : तिसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही. माझी शस्त्रक्रिया फसली का?

नाही. पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने उतरतं त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेली साखर दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. ती साखर संपली की पाणी जातं, खाणं थोडं वाढलं की काही परत भरतं. चरबी उतरत असते, पण काट्यावर ती झाकली जाते. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा आणि कंबर मोजा. काटा महिनाभर हलला नाही, तर आहाराची वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : माझा बायपास होऊन दीड वर्ष झालं. गुडघे दुखतात म्हणून गटातल्या मैत्रिणीने तिची आयब्युप्रोफेनची गोळी दिली. तिची स्लीव्ह झाली आहे, तिला चालते म्हणते. ती मल्टीव्हिटॅमिनची एकच गोळी घेते. मी चार-चार घेते, त्याही कमी कराव्यात का?

ती गोळी परत करा. बायपासमध्ये जठराची पिशवी आतड्याच्या ज्या भागाला जोडतात, त्या भागाला आम्ल सोसायची सवय नसते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या आतल्या अस्तराचं संरक्षण आणखी कमी करतात, आणि त्या जोडावर व्रण होतो. त्यातून रक्त जातं, कधी भोक पडतं. सिगारेटनेही हेच होतं. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, लावायचं मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम इथून सुरुवात करा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना विचारा.

गोळ्या अजिबात कमी करू नका. उलट मैत्रिणीलाच विचारा की तिचं रक्त शेवटचं कधी तपासलं. ढोबळ आकडे असे आहेत : कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर नाही, कारण त्याहून जास्त शोषलं जात नाही. कॅल्शियम सायट्रेट बरं, ते आम्लाशिवायही शोषलं जातं. पाळी येत असलेल्या बायकांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतली तर लोह वाया जातं. बी-१२ तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा ठरावीक अंतराने इंजेक्शन. डी-३ साधारण ३००० युनिट, रक्तातली पातळी बघून कमी-जास्त. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, असं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं बरं.

अपत्याचा विचार असेल तर शस्त्रक्रियेपासून १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. तोवरच्या संततिनियमनासाठी बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गोळीवर विसंबू नका, ती पूर्ण शोषली जाईलच असं नाही. पाळी अनियमित होती म्हणून ‘आपल्याला दिवस जात नाहीत’ असं समजणाऱ्यांना वजन उतरताना अनपेक्षितपणे दिवस जातात. हे बैठकीत मोठ्याने बोललं जात नाही, म्हणून इथे लिहिलं.

प्रश्न : नवऱ्याला सोबत बैठकीला न्यावं का?

पहिल्या एखाद्या बैठकीला जरूर न्या. घरात किती आणि कधी शिजतं, हे त्याच्याशी बांधलेलं असतं. पुढे मात्र एकटीच जा, काही प्रश्न घरच्या माणसासमोर तोंडातून निघत नाहीत.

प्रश्न : माझ्या स्लीव्हला सहा वर्षं झाली. १२६ किलोवरून ७८ वर आलो होतो, आता ९२ आहे. गटात नव्यांसमोर उभं राहून काय सांगू? जाणंच सोडलंय.

परत जा, आणि हे तिन्ही आकडे जसे आहेत तसे सांगा. ४८ किलो उतरले, १४ परत आले, आजही ३४ किलो कमी आहेत. सर्वांत कमी वजन बहुतेकांचं एक ते दोन वर्षांच्या दरम्यान असतं, त्यानंतर थोडं परत येणं नेहमीचं आहे. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, शस्त्रक्रियेने ही ओढ कमी होते, संपत नाही. त्यात तुमचा गुन्हा नाही.

लाज बाजूला ठेवून आता तपासायचं असं. खाण्यासोबत पाणी पिणं परत सुरू झालंय का? पाण्याने अन्न नळीतून लवकर खाली उतरतं आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं? पिता येणाऱ्या कॅलरी, म्हणजे साखरेचा चहा, ज्यूस, दारू? शस्त्रक्रियेनंतर दारू जलद चढते आणि तिचं व्यसनही लागू शकतं, हे विसरू नका. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या यांनी वजन वाढतं. थायरॉइड तपासा. मग एन्डोस्कोपी किंवा बेरियमचा फोटो काढून नळी रुंदावली आहे का ते पाहतात. छातीत जळजळ असेल तर तीही सांगा, स्लीव्हनंतर ती वाढते आणि कधी कधी त्याच कारणासाठी बायपासमध्ये रूपांतर करतात. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅमवर आणणं, वजन उचलण्याचे व्यायाम, सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी औषधं, पुन्हा शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत, साधारण याच क्रमाने.

नव्यांना सहाव्या वर्षी काय होतं हे कुणी सांगतच नाही, कारण सहाव्या वर्षातली माणसं बैठकीला येत नाहीत. तुमची ओळख त्या खोलीत सर्वांत जास्त उपयोगाची आहे.

प्रश्न : गटातला एक तरुण, स्लीव्हला सात आठवडे झालेला, दहा दिवस उलट्या करतोय. ‘होतं असं’ म्हणून गप्प बसतो. काल त्याला एकाचे दोन दिसत होते आणि चालताना झोक जात होता. आम्ही काय करावं?

हे वाचत असाल त्या क्षणी त्याला फोन करा आणि कॅज्युअल्टीत घेऊन जा. ही थायमिनची, म्हणजे बी-१ ची कमतरता असू शकते. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि सततच्या उलट्यांनी तो संपतो. दुहेरी दिसणं, झोक जाणं, गोंधळल्यासारखं वागणं ही मेंदूवर परिणाम झाल्याची खूण आहे. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. रक्ताच्या अहवालाची वाट बघत उपचार थांबवत नाहीत, थायमिन लगेच शिरेतून देतात. उलट्या कशाने होतात, नळी कुठे आवळली आहे का, ते नंतर शोधतात.

तिथल्या डॉक्टरांना या शस्त्रक्रियांची सवय असेलच असं नाही. उलट्यांचा रुग्ण दिसला की ग्लुकोजचं सलाईन लावलं जातं, आणि थायमिनआधी ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. म्हणून दारातच, त्याचं वजन किती हे सांगण्याआधी, त्याची ओळख अशी करून द्या : ‘याची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झालेत. दहा दिवस उलट्या आहेत. कालपासून दोन-दोन दिसतंय आणि झोक जातोय. ग्लुकोजआधी थायमिन द्या, आणि त्याच्या सर्जनना फोन लावा.’